तुमचा कागद वेगळा घ्या

पत्र थोडक्यात: एका आईने लिहिलं आहे. मुलगी दहा वर्षांची, मुलगा सहाचा. गेल्या सुट्टीत हे तिघं एका कलादालनातल्या सहकुटुंब चित्रसत्राला गेले होते. पुठ्ठ्याचे मुखवटे करायचे होते आणि शेवटी उत्तम मुखवट्याला बक्षीस होतं. मुलीचं काम रेंगाळलं, शेजारच्या टेबलांवरचे मुखवटे मात्र सुबक होत चालले होते. वेळ संपत आली तशी आईने तिच्या हातातून मुखवटा घेतला, डोळ्यांची भोकं सारखी कापली, कडा रंगवून दिल्या. मुलगी म्हणाली, "हा आता तुझा झाला," आणि उरलेला वेळ भिंतीला टेकून उभी राहिली. धाकट्याने चार मिनिटांत काम उरकलं आणि मग टेबलाखाली मुक्काम ठोकला. तो मुखवटा घरी भिंतीवर आहे. मुलगी अधूनमधून त्याचं तोंड भिंतीकडे करून ठेवते. ती अजूनही वहीच्या मागच्या पानांवर घोडे काढते, पण यंदा सत्राला यायला साफ नकार देते आहे. आई विचारते: तिला राजी कसं करू? तिची आवड गेली का? मला साधं झाड काढता येत नाही, मी तिला काय मदत करणार? आणि धाकट्याला अशा ठिकाणी न्यावं तरी का?

मुखवट्याचं तोंड ती भिंतीकडे करते, मुखवटा फेकून देत नाही. दहा वर्षांच्या मुलीला कचऱ्याचा डबा कुठे असतो ते चांगलं माहीत असतं. म्हणजे तिच्या लेखी हे प्रकरण अजून मिटलेलं नाही. आणि ते चित्रकलेविषयी आहे असं मला वाटत नाही. आवड गेलेली मुलं वहीच्या मागच्या पानांवर घोडे काढत बसत नाहीत. तिला नको आहे ते त्या टेबलावर तुमच्या शेजारी बसणं. वाचायला कडू आहे, पण इलाज सोपा आहे.

तुम्ही काही भयंकर केलेलं नाही. अशी सत्रं मी पुष्कळ पाहिली आहेत, काही घेतलीही आहेत. शेवटच्या पंधरा मिनिटांत खोलीतला आवाज बदलतो. तोवर मुलं बोलत असतात. मग पालक बोलायला लागतात. "आटप." "इकडे दे." "मी फक्त एवढंच करते." त्या "फक्त एवढंच"मध्ये मुलाचं सगळं काम जातं. मी स्वतः एकदा माझ्या मुलाच्या हत्तीला चौथा पाय काढून दिला होता. त्याने तीनच काढले होते. चौथा मागे लपलाय, असं त्याचं म्हणणं होतं, आणि हत्ती ज्या बाजूने उभा होता ते पाहता बरोबर त्याचंच होतं.

तिचं काम रेंगाळलं असं तुम्ही लिहिता. रेंगाळणं हा शब्द तुमचा. ती बहुधा विचार करत होती. व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षकाने १९४७ मध्ये मुलांच्या चित्रांच्या वाढीचे टप्पे मांडले. ते आज जसेच्या तसे कुणी घेत नाही, पण त्यातला एक टप्पा प्रत्येक आईने पाहिलेला असतो. साधारण नऊ ते बारा या वयात मुलांना आपलं चित्र खऱ्यासारखं दिसायला हवं असं वाटू लागतं. सहा वर्षांच्या मुलाने काढलेलं घर आकाशात तरंगत असलं तरी त्याला चालतं. दहाव्या वर्षी मात्र डोळा पुढे गेलेला असतो आणि हात मागे राहिलेला असतो. काय चुकलंय ते दिसतं, दुरुस्त कसं करायचं ते येत नाही. याच काळात पुष्कळ मुलं "मला येत नाही" म्हणून चित्र कायमचं सोडून देतात. तुम्हीही बहुतेक याच वयात सोडलं असणार, आठवून पाहा. अशा वेळी जर आईने हात पुढे करून भोकं सारखी कापून दिली, तर मुलीला त्याचा एकच अर्थ लागतो: मला जी शंका होती, ती आईलाही आहे.

बक्षिसाबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, पण मला तीच सर्वांत जास्त खटकली. १९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. मुळातच चित्र काढायला आवडणारी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना ते अचानक दिलं, काहींना दिलंच नाही. काही दिवसांनी कागद-मार्कर पुन्हा समोर ठेवले, या वेळी बक्षीस नाही. ज्यांना आधी कबूल केलं होतं, ती मुलं इतरांच्या निम्माच वेळ चित्र काढत बसली. अचानक मिळालेल्यांचं काही बिघडलं नव्हतं. म्हणजे दोष खाऊ किंवा शाबासकीचा नाही, ठरवून केलेल्या सौद्याचा आहे. यंदाच्या सत्रात बक्षीस आहे का ते आधी विचारा. असेल तर दुसरा दिवस निवडा. "स्पर्धेत आमचं नाव घेऊ नका" असं सत्र घेणाऱ्यांना सांगितलं तरी चालतं, कुणी रागावत नाही.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही गेलात, तर पोहोचताच स्वतःसाठी एक वेगळा कागद मागून घ्या. स्वतःची पेन्सिल, स्वतःचा ब्रश. आणि त्या दोन तासांत तुमचा हात तुमच्याच कागदावर राहू द्या. मुलीने बोलावलं तर वाका, पाहा, बोला. ब्रश मात्र तिच्या कागदाला लावू नका. "डोळा कसा काढू?" असं तिने विचारलं तर तुमच्या कागदाच्या कोपऱ्यात दोन-तीन तऱ्हेचे डोळे काढून दाखवा, त्यातला कुठला घ्यायचा की कुठलाच नाही, ते ती ठरवेल. कात्री जड जात असेल तर पुठ्ठा धरून ठेवायला हरकत नाही. धरणं आणि कापणं यातली सीमारेषा मुलांना अचूक कळते.

यावर तुमचं उत्तर ठरलेलं आहे: मला झाड काढता येत नाही. छान. तुमच्या मुलीला या घडीला झाड येणारी आई नकोच आहे. तुम्ही चुकताना, खोडताना, वैतागून पान उलटताना तिने तुम्हाला पाहिलं तर चित्र काढणाऱ्या प्रत्येकाचं असंच होतं हे तिला कळेल, आणि ते व्याख्यान देऊन कळत नाही. शिवाय झाड म्हणजे खोड आणि वर ढगासारखा गोळा, हे चित्र तुम्ही शाळेत पाठ केलेलं आहे. ते विसरायचं असेल तर पेन्सिल बाजूला ठेवून कात्री घ्या. फ्रेंच चित्रकार आंरी मातीस १९४१ च्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर फारसे उभे राहू शकत नव्हते. आयुष्याच्या शेवटच्या दहाएक वर्षांत त्यांनी मदतनीसांकडून कागद रंगवून घेतले आणि कात्रीने थेट आकार कापले, आधी रेषा न आखता. ती चित्रं आज मोठमोठ्या संग्रहालयांत भिंतीभर लावलेली असतात. कागद कापता येतो का तुम्हाला? मग झालं तर.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, मुलीला एकटीला सोडा आणि बाहेर चहा प्या. हा पर्याय मी हसण्यावारी नेणार नाही. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये व्हिक्टर डी'अमिको यांनी १९४२ पासून पुढे पंचवीसेक वर्षं मुलांसाठी एक कलामेळा भरवला. तिथे पालकांना आत मज्जाव होता. दारातली कमानच मुलांच्या आकाराची कापलेली होती, मोठा माणूस तिथूनच अवघडायचा. मोठ्यांच्या नजरेखाली मूल आपलं काही करत नाही, मोठ्यांना आवडेल ते करतं, असा त्यामागे विचार होता. तुमच्या मुलीचं वय आणि सध्याचा तिचा मूड पाहता, दालनात फक्त मुलांची सत्रं असतील तर तिला तो पर्याय नक्की सांगा. ती तोच निवडेल अशीही शक्यता आहे. निवडला तर मनाला लावून घेऊ नका, आणि घ्यायला गेल्यावर "काय केलंस, दाखव" हे पहिलं वाक्य नको.

तरीही मी सहकुटुंब सत्राच्या बाजूने थोडी झुकते. घरात मोठी माणसं आणि मुलं एकाच वेळी एकाच गोष्टीत नवखी आहेत, असा प्रसंग क्वचित येतो. स्वयंपाक तुम्हाला येतो, सायकल तुम्हाला येते, गणित तुम्हाला येतं (निदान तिला तसं वाटतं). इथे दोघी कच्च्या. त्याची गंमत वेगळी आहे, पण ती फक्त वेगळा कागद घेतला तरच येते.

सत्राचा अर्धा भाग टेबलावर नसतो, भिंतीवर असतो, हे बहुतेक कुटुंबं विसरतात. थेट कार्यशाळेच्या खोलीत जातात, हात रंगवतात आणि मागच्या दाराने घरी. कागद-रंग तर घरीही आहेत की! दालनात जायचं ते मूळ चित्रं आहेत म्हणून. न्यूयॉर्कच्याच मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये प्रेक्षक एका चित्रापुढे किती वेळ थांबतात ते मोजलं होतं. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत सरासरी २७ सेकंद निघाली, आणि निम्मे लोक १७ सेकंदांतच पुढे सरकले. ही मोठ्या माणसांची गोष्ट. तेव्हा मुलं पळतात म्हणून त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही.

सगळं दालन पाहायचा हट्ट सोडा. तीन चित्रं पुष्कळ झाली, निवड मुलांची. प्रत्येकापुढे जमिनीवर बसा, परवानगी असेल तर. आणि माहितीची पाटी लगेच वाचू नका. ॲबिगेल हाउसन आणि फिलिप येनाविन यांनी बसवलेली एक साधी पद्धत जगभरच्या संग्रहालयांत वापरतात, तिच्यात मुळात तीनच प्रश्न आहेत: या चित्रात काय चाललंय? असं तुला कशावरून वाटतं? अजून काय दिसतंय? बस. दुसरा प्रश्न सर्वांत मोलाचा. "ही बाई रडतेय" असं मुलगा म्हणाला आणि तुम्ही "नाही रे, हसतेय" म्हणालात की बोलणं संपलं. "कशावरून?" म्हटलंत की तो पुन्हा चित्राकडे वळतो.

घरी सराव करायचा असेल तर पीटर ब्रूगेल या चित्रकाराचं १५६० सालचं मुलांच्या खेळांचं चित्र पडद्यावर मोठं करून पाहा. मूळ चित्र व्हिएन्नात आहे. एका चौकात दोनशेहून जास्त मुलं ऐंशीच्या आसपास खेळ खेळताहेत: कुणी चाक फिरवतंय, कुणी भोवरा, कुणी लाकडी उंच पायांवर चालतंय, कुणी एकमेकांच्या पाठीवरून उड्या मारतंय. धाकट्याला सांगा, तुला येणारे पाच खेळ शोध. टेबलाखाली जाणारी मुलं या चित्रापुढे वीस मिनिटं बसलेली मी पाहिली आहेत.

धाकट्याकडे आलोच आहोत तर. आपल्याकडे गॅलरी म्हटलं की मुलांना घराचा कठडा आणि वाळत घातलेले कपडे आठवतात. "गॅलरीत जायचंय" म्हणून त्याला तयार केलंत तर पोरगं गोंधळणारच. आधी सांगून ठेवा की ती खूप मोठी शांत घरं असतात, भिंतीवर चित्रं असतात, आणि चित्रांना हात लावायचा नसतो. का लावायचा नसतो तेही सांगा, नुसतं "ओरडतील" नको. बोटांवर नेहमी थोडं तेल आणि घाम असतो. एकाने लावलं तर दिसत नाही, हजारांनी लावलं की रंगावर डाग पडतो आणि तो निघत नाही. कित्येक दालनांत आत फक्त पेन्सिल चालते, पेन किंवा रंग नाही, त्याचंही कारण तेच: शाई उडाली तर संपलं. कागदावरच्या जुन्या चित्रांच्या खोलीत उजेड मुद्दाम मंद ठेवतात, साधारण ५० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक), कारण प्रकाशाने रंग उडतात. सहा वर्षांच्या मुलाला ही गुपितं फार आवडतात. तो पुढे जाऊन दुसऱ्या मुलांना दटावेल, त्याची तयारी ठेवा.

चार मिनिटांत त्याने काम उरकलं याचं मला काही वाटत नाही. त्या वयात चित्र म्हणजे बहुतेक वेळा गोष्ट. गोष्ट सांगून झाली की कागद संपला. त्याला "अजून रंग भर" म्हणू नका. नवा कागद द्या, किंवा माती, चिकटवायचे तुकडे, उभ्याने रंगवायचं काही असेल तर ते. आणि दोघांना दरवेळी एकत्र न्यायलाच हवं असं कुणी सांगितलं? त्यांच्या गरजा इतक्या वेगळ्या आहेत की एका खोलीत दोघांना सांभाळताना तुम्ही कुणाच्याच होत नाही. जमलं तर एक दिवस फक्त मुलीबरोबर जा. दुसऱ्या दिवशी मुलाला घरातलं दुसरं मोठं माणूस घेऊन जाईल, आणि तासाभरात परत येईल. तासभर पुरे.

जाण्याआधी एक फोन करा. वयोगट कोणता, मोठ्यांनी बसलंच पाहिजे का, नोंदणी लागते की आयत्या वेळी गेलं तरी चालतं, आणि केव्हाही उठून जाता येतं का, हे विचारून घ्या. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण कंटाळलेल्या मुलाला पैसे भरलेत म्हणून डांबून ठेवण्यात सगळ्यांचाच दिवस जातो. सकाळचं पहिलं सत्र सहसा शांत असतं. ज्यांच्या मुलांना गर्दी-गोंगाट सोसत नाही, त्यांनी शांत वेळेची वेगळी सत्रं असतात का तेही विचारावं, काही ठिकाणी असतात. कपडे जुने घालाच. मागच्या वेळी मुलीने नवा फ्रॉक घातला होता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही; पण मला शंका आहे.

आणि अजिबात न जाणं? हाही पर्याय खुला ठेवा. सुट्टी सत्कारणी लावायचीच असं आपण मनाशी धरून बसतो. मुलगी वहीच्या मागच्या पानांवर घोडे काढते आहे. कुणीही न सांगता, बक्षिसाविना, शाळेच्या वहीत. एक कोरी वही तिच्या टेबलावर ठेवून दिलीत आणि उघडून पाहिली नाहीत, तरी या सुट्टीत पुष्कळ झालं असं मी म्हणेन. त्यातलं काही तिने दाखवलं तर "वा, किती छान" म्हणून मोकळ्या होऊ नका. दिसतंय ते बोला: "याचे पाय तू चारदा खोडलेस वाटतं." "हा थांबलाय की निघालाय?" छान म्हटलं की मूल मान हलवून निघून जातं, पायांबद्दल विचारलं की शेजारी बसतं.

तिला राजी करण्यासाठी मात्र काही कबूल करू नका, आइस्क्रीमही नाही. त्याआधी एक छोटं काम आहे. गेल्या वेळी मी तुझा मुखवटा काढून घेतला, ते चुकलं, एवढं तिला एकदा स्पष्ट सांगा. पुढे "पण" लावू नका. "पण वेळ संपत आली होती" म्हणालात की सगळं पाण्यात. ती कदाचित खांदे उडवेल आणि खोलीत निघून जाईल. जाऊ द्या. दोन-तीन दिवसांनी सत्राचा विषय काढा, आणि सांगा की या वेळी मी माझा कागद घेणार आहे, तुझ्याला हात लावणार नाही. मग ती नाही म्हणाली तर नाही.

भिंतीवरच्या मुखवट्याचं काय करायचं ते तिलाच विचारा. कडा खरवडून पुन्हा रंगवायच्या म्हणाली तर रंग काढून द्या आणि खोलीबाहेर पडा. फेकून दे म्हणाली, तर तुम्ही कापलेली ती सारखी भोकं कितीही सुबक असली तरी, फेका.